मूळ फोटो कोणाकडे आहे?

छापखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. खरं नाव होतं, आईवडिलांनी चांगलं हौसेनं ठेवलेलं होतं, पण ते पगाराच्या चिठ्ठीवर आणि नवरा चिडला की त्याच्या तोंडात, एवढ्या दोनच जागी उरलं होतं. गळ्यात काळी दोरी, दोरीला बोटभर भिंग. ते भिंग कागदावर टेकवून, एक डोळा मिटून बाई वाकली की अख्खा छापखाना गप्प व्हायचा, कारण सरळ होऊन ती काय बोलणार हे सगळ्यांना पाठ होतं. "नाही चालणार." दिवसातून आठ-दहा वेळा तरी हे दोन शब्द. नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "लग्नाच्या वेळी मला बरं पास केलंस." ती म्हणायची, "तेव्हा भिंग नव्हतं."

काम सांगायला सोपं होतं. गिऱ्हाईक फाइल आणतं. कोणाचं माहितीपत्रक, कोणाच्या पुस्तकाचं वेष्टन, कोणाच्या दुकानाचं पोस्टर. ती फाइल मशीनवर चढण्याआधी बाईच्या टेबलावरून जाते. त्यातला फोटो कागदावर नीट उमटेल, की नाकाच्या जागी फरशा दिसतील, हे तिनं आधी ओळखायचं. एकदा छपाईची पत्र्याची प्लेट झाली आणि मशीन सुरू झालं, की कपाळावर हात मारण्याशिवाय काही उरत नाही.

हे शहाणपण तिला काही आयतं मिळालं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं दातांच्या एका डॉक्टरांचं कॅलेंडर पास केलं होतं. बारा महिने, बारा हसरे चेहरे. स्क्रीनवर काय झक्क दिसत होते! छापून आले तेव्हा एकेका दाताचे चौकोन चौकोन झालेले. जानेवारीतली बाई तर अशी हसत होती, की तिच्या तोंडात कोणीतरी विटांचं बांधकाम काढलंय. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे आलात की असं होतं, हे सांगायचंय का लोकांना?" पाचशे कॅलेंडरं रद्दीत गेली. मालक तिला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. त्याच आठवड्यात तिनं भिंग घेतलं आणि ठरवलं, यापुढे स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही. स्क्रीनचं थोडक्यात भागतं, कागदाचं भागत नाही.

पुढची वीस वर्षं लोकांना हेच समजावण्यात गेली. फोटो म्हणजे बारीक बारीक ठिपके. काढताना जेवढे आले तेवढेच, नंतर एकही वाढत नाही. हातात धरून बघायच्या कागदाला इंचामागे तीनशे ठिपके हवेत, जरा लांबून बघायच्या पोस्टरला त्याच्या निम्मे चालतात. तेच ठिपके मोठ्या कागदावर पसरले की विरळ होतात, चमचाभर रंगात भिंत रंगवायला घेतल्यासारखं. आणि फोनवरून फोटो पाठवला की फोन तो वाटेत आकसून टाकतो. ह्याच्याकडून त्याला, त्याच्याकडून तिला, असं फिरत फिरत शेवटी जे हातात येतं ते नुसतं चिपाड. म्हणून बाईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, नमस्कार-चमत्कार नंतर. "हा फोटो काढला कोणी? मूळ कोणाकडे आहे?" लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. तोंड आमचं, पोस्टर आमचं, आणि ही बया विचारते काढला कोणी!

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला एक जोडपं आलं. ती हॉस्पिटलात सिस्टर होती, अंगावर कालचाच युनिफॉर्म, चुरगळलेला. डोळे लाल. नवरा मागे पेन ड्राइव्ह घेऊन उभा.

"पाचशे पोस्टरं हवीत," ती म्हणाली. "दुपारच्या आत. वडील हरवलेत माझे."

छापखान्यातली खडखड आपोआप थांबली. मशीनमामा, म्हणजे मशीन चालवणारे, पुसायचं फडकं हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले. बाईनं खुर्ची पुढे सरकवली.

काल दुपारी चारला म्हातारे फेरी मारायला म्हणून बाहेर पडले, ते आलेच नाहीत. फोन घरातच उशीखाली. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या कपाटावर. अलीकडे जरा विसरायला लागले होते. चष्मा फ्रीजमध्ये ठेवायचे, तोच प्रश्न दोनदा विचारायचे. "वय झालं, असं आम्ही म्हणायचो," सिस्टर म्हणाली. "मी सिस्टर असून असं म्हणायचे." पोलिसांकडे झालं, सगळी हॉस्पिटलं झाली, नातेवाइकांना फोन झाले. कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते. रात्रीच्या आणि सकाळच्या, दोन्ही वेळच्या गोळ्या चुकल्या होत्या, आणि ते काय करू शकतं हे सिस्टरला कोणी सांगायची गरज नव्हती. पोस्टर बस थांब्यांवर, औषधांच्या दुकानांत लागलं, कोणी चेहरा ओळखला, तरच काही आशा.

बाईनं फाइल उघडली. भला मोठा चेहरा, पोस्टरभर. आणि चेहरा कसला, पिठात बोटं फिरवल्यासारखे डाग. दोन काळपट खड्डे म्हणजे डोळे, एक रेघ म्हणजे तोंड.

"रिझोल्यूशन इंचाला तीनशे आहे," जावई घाईघाईनं म्हणाला. "मी स्वतः केलंय. इंटरनेटवर बघून. बहात्तर होतं, तिथे तीनशे टाकलं."

"दादा, शर्टाला मोठ्या मापाचं लेबल लावलं तर शर्ट मोठा होतो का?"

जावई बिचारा रात्रभर जागा होता. त्याचं तोंड एवढंसं झालं. बाईलाही वाईट वाटलं, पण जीभ एकदा सुटली की सुटली. तिनं फोनमधला फोटो मागून घेतला. सहलीचा फोटो. एका धरणाच्या भिंतीसमोर दोन ओळींत चौदा माणसं, आणि मागच्या ओळीत कडेला म्हातारे. अख्ख्या फोटोला आडवे ठिपके आठशे. त्यातून म्हाताऱ्यांच्या वाट्याला आले होते चाळीस. तीनशेच्या हिशेबानं छापला तर तो चेहरा डाळीच्या दाण्याएवढा निघाला असता.

"दुसरा नाही का एखादा?"

"बाबांना फोटोचं वावडं. कॅमेरा दिसला की गायब. ओळखपत्रावरचा आहे, पण तो तीस वर्षांपूर्वीचा, काळ्या केसांचा. हा एकच."

"नाही चालणार," बाई म्हणाली.

"अहो बाई," मशीनमामा दारातून कळवळून म्हणाले, "आज तरी असू दे की! माणूस हरवलंय त्यांचं."

"म्हणूनच म्हणतेय ना!" ती त्यांच्यावरच उखडली. मग तिनं ऑफिसच्या छोट्या प्रिंटरवर तो चेहरा काढला, कागद घेऊन भिंतीपाशी गेली आणि सिस्टरसमोर धरला. "सिस्टर, तुम्ही औषधाच्या दुकानात उभ्या आहात. तुम्हाला काही माहीत नाही. सांगा, हे कोण?"

सिस्टरनं एक पाऊल मागे जाऊन बघितलं. "कोणीही असू शकतं," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा धीर सुटला. तोंडावर रुमाल दाबून ती रडायला लागली. बाईनं कागद खाली घेतला. आपण हे जरा हळू करायला हवं होतं, असं तिला वाटलं. पण त्या डागांवर पाचशे कागद काळे करून ह्या पोरीला दिवसभर रस्त्यांवर फिरवायचं, आणि म्हाताऱ्यांच्या शेजारून जाणाऱ्यानंही त्यांना ओळखू नये, हे तिच्यानं झालं नसतं.

"ओळखीची काही खूण?"

"डाव्या भुवईवर कापल्याचा वण आहे. लहानपणचा. ह्यात दिसतच नाही."

"मूळ फोटोत दिसेल. काढला कोणी हा?"

 जावई खाली बघायला लागला.

"फिरत फिरत आलाय," सिस्टर म्हणाली. "मावशीनं आत्याला पाठवला, आत्यानं वहिनीला, वहिनीनं मला."

"ते कळलं. काढला कोणी?"

"काकांनी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोघा भावांचं मिळून घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, चाळीस वर्षांचं. त्या सहलीनंतर धंदा बसला, काका म्हणाले विकून टाकू, बाबा म्हणाले माझ्या जिवावर उठलास. दुकान गेलं आणि बोलणंही गेलं. काका दीड तासावरच्या गावी, वडिलांच्या जुन्या घरात राहायला गेले. बाबांनी चारचौघांत सांगितलं होतं, ह्या जन्मात त्याचं तोंड बघणार नाही, आणि पाच वर्षं शब्द पाळला होता. सिस्टरही त्या वेळी वडिलांच्या बाजूनं काकांना नको नको ते बोलून बसली होती.

"त्यांना कळवलंत का, वडील हरवल्याचं?"

"त्यांना कशाला? तिथे बाबा मेले तरी जायचे नाहीत. आणि काका म्हणतील, दुकान माझ्यामुळे गेलं म्हणत होतात, बाप कोणामुळे गेला? मी नाही करणार फोन."

"मी करते. छापखान्यातून बोलते म्हणून सांगते. तुमचं नावही काढत नाही."

सिस्टरनं नंबर सांगितला. फोनमध्ये न बघता, तोंडपाठ. बाईच्या ते लक्षात आलं, पण तिनं नुसता नंबर फिरवला.

काकांना ऐकायला कमी येत असावं, कारण ते अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं बोलत होते. "कुठला फोटो? धरणावरचा? मूळ फोटो हवाय तुम्हाला? अहो, मी एवढा महागाचा कॅमेरा घेतला होता त्या सहलीला! सगळ्यांनी आपले फोनवर फिरवले आणि गप्प बसले. पाच वर्षांत मूळ मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

"फोनवरून नका पाठवू हं काका. आकसतो."

"ते मला शिकवू नका. मेलवर टाकतो. छापायचाय कशाला?"

बाईनं एक नजर सिस्टरकडे टाकली. "घरच्यांना हवाय," ती म्हणाली. ते काही खोटं नव्हतं.

"छापा, छापा," काका म्हणाले. "चांगला आलाय तो."

फाइल यायला सात-आठ मिनिटं लागली. ती निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती, आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. मशीनमामांनी तेवढ्यात पाचशे कागद कापून थप्पी लावून ठेवली. जावई येरझाऱ्या घालत होता. अखेर फोटो उघडला. आडवे सहा हजार ठिपके. बाईच्या तोंडून "वा!" निघून गेलं, आणि तिनं लगेच जीभ चावली.

ती मागच्या ओळीत कडेला गेली आणि फोटो पूर्ण आकारात केला. म्हातारे पुढ्यात येऊन उभे राहिले. शर्टाच्या खिशाला अडकवलेलं पेन. कानावरचे पांढरे केस. डाव्या भुवईत तिरका वण, अगदी स्वच्छ. चेहऱ्याला पुरते तीनशे ठिपके. "बघा," ती म्हणाली, "पोस्टरवर दोन इंचांचा चेहरा टाकू. पोस्टरभर नाही, पण जो बघेल तो ओळखेल. बाकीच्या जागेत मोठ्या अक्षरात मजकूर आणि नंबर. मामा, प्लेटची तयारी करा."

 बाईनं वळून पाहिलं. ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली होती.

"बाबा हसतायत," ती म्हणाली.

खरंच हसत होते. ओठ मिटलेले, पण डोळे बारीक झालेले, गाल वर गेलेले. कोणीतरी त्यांची थट्टा केली असावी आणि हसायचं नाही असं ठरवूनही त्यांना राहवलं नसावं. फोनवरच्या त्या आकसलेल्या फोटोत हे सगळं पुसलं गेलं होतं आणि खाली उरली होती एक रेघ.

"मला इतकी वर्षं वाटायचं, ते ह्या फोटोत रागावलेत. मी म्हणायचे, बघा, तेव्हाच धुसफूस होती." सिस्टरनं स्क्रीनवर बोट टेकवलं. "बाकीचे सगळे इकडे तिकडे बघतायत. बाबा सरळ बघतायत. काकांकडे."

 बाईनं इतक्या वर्षांत हजारो चेहरे असे मोठे करून बघितले होते, पण कोणाच्या चेहऱ्यावर काय आहे हे बघायचं तिचं काम नव्हतं. उमटेल की नाही, एवढंच काम. आज मात्र ती तो चेहरा बघत राहिली.

"काकांना सांगायला हवं," सिस्टर म्हणाली. "त्यांचा भाऊ आहे तो. काय बोलायचं ते बोलू देत मला."

तिनं स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. 

"काका, मी बोलतेय."

पलीकडून, "तू?"

"काका, रागवा नंतर. बाबा हरवलेत. कालपासून. गोळ्याही घेतलेल्या नाहीत. सगळीकडे शोधलं..."

"कोण हरवलंय?"

"बाबा!"

"अगं, काय बोलतेस? तो इथे आहे! अंघोळीला गेलाय. अर्धा तास झाला, नळ वाहतोच आहे!"

सिस्टर मटकन खाली बसली. खुर्चीवर नाही, फरशीवरच. जावई धावला. मशीनमामांनी दोन्ही हात जोडून छताकडे बघितलं. भिंगबाईचा जीव भांड्यात पडला, आणि तिनं त्यांना प्लेट थांबवायची खूण केली.

"घरी सांगून आलोय म्हणाला," काकांचा आवाज येत होता. "मला वाटलं तुम्हीच बसमध्ये बसवून दिलं. म्हटलं, तुम्हाला फोन केला तर पुन्हा काहीतरी बिनसायचं, म्हणून गप्प बसलो. तब्येत? ठणठणीत आहे! सकाळी माझ्या वाटचाही नाश्ता केला त्यानं."

"काका, नाश्ता नंतर. चक्कर? घाम? बोलणं अडखळतंय का?" ती आता पुन्हा सिस्टर झाली होती.

"काही नाही गं. मला शिव्या देतोय, त्याही नीट." मग तो मोठा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "एक विचारू? काल दारात उभा राहिला आणि म्हणाला, आज दुकान का उघडलं नाहीस? मला वाटलं टोमणा मारतोय. पण मग बसला, चहा मागितला, रात्री किती वेळ गप्पा मारत होता. भांडणाचा शब्द नाही. मी आपला खूश, म्हटलं माफ केलं ह्यानं मला. पण पोरी, त्यानं माफ नाही केलेलं. त्याला ते आठवतच नाहीये. दुकान विकलेलंही नाही." काकांनी खाकरून घसा साफ केला. "मी काय करू? सांगू का त्याला? न सांगणं म्हणजे फसवणूक केल्यासारखं वाटतंय मला."

सिस्टर फरशीवर बसूनच होती. समोर स्क्रीनवर तो चेहरा होता.

"नको काका," ती म्हणाली. "नका सांगू. राहू दे."

पलीकडे नळ बंद झाला. दार वाजलं. मग एक दुसरा आवाज, जरा लांबून, पण खणखणीत. "कोणाचा फोन आहे रे?"

"तुझ्या मुलीचा."

"तिला सांग, काळजी करू नको म्हणावं. संध्याकाळी दुकान बंद करून दोघं येतो. जेवायला आहोत."

सिस्टरनं फोन दोन्ही हातांनी धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"हो बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "या. दोघंही या. मी न्यायला येते."